नवोदयची जागा कोणाची?



मे महिना लागला की आमच्या घरी दोन मोठी कामं असतात. वर्षाची हळद-तिखट करून डबे भरायचे आणि मुलांच्या पुढच्या वर्षीच्या शाळेचं ठरवायचं. यंदा हळद दळून झाली, डबे भरले, झाकणाला फडकी बांधून झाली. शाळेचं मात्र आठ दिवस घरात चालू होतं. ते इथे लिहायचं की नाही यावर मी बराच विचार केला. पण हा प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी येतो आणि त्यावर उघड कोणी बोलत नाही, म्हणून लिहिते आहे.

माझा धाकटा दुसरी पास झाला, जूनमध्ये तिसरीत जाईल. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, अडीअडचणीला धावून येणारे. ते दुकानात बसले होते. बोलता बोलता ह्यांना म्हणाले, "शेठ, पोराला पुढं नवोदयला बसवायचं असलं तर आत्ताच बघा. तिसरीपासून नाव खेड्यातल्या शाळेत टाका. पोरगं राहू द्या इथंच, चांगला क्लास लावा. हजेरीचं आम्ही बघू. ग्रामीणमधून नंबर लागायला सोपं जातं."

ह्यांनी रात्री मला सांगितलं. खरं सांगते, मी लगेच "नको" म्हणाले नाही. मी विचारलं, "कुठल्या गावची शाळा?"

असं का विचारलं ते कळायला दोन वर्षं मागे जावं लागेल.

थोरली पाचवीत असताना तिने नवोदयची परीक्षा दिली होती. अभ्यासात बरी, गणितात तर चांगलीच. मी वर्षभर रोज संध्याकाळी तिला घेऊन बसायचे. आकृत्या, घड्या घातलेल्या कागदाची भोकं, आरशातल्या प्रतिमा, सगळं आम्ही दोघी मिळून सोडवायचो. आणि रोज मी तिला एक वाक्य म्हणायचे, "तुझा नंबर लागणारच." मला वाटायचं, याने तिला हुरूप येईल.

निकालात तिचा नंबर नव्हता. ती रडली नाही. चार-पाच दिवस मैत्रिणीकडे खेळायला गेली नाही, एवढंच. तिची समजूत घालायला मी म्हणाले, "अगं, सगळ्या जागा ग्रामीणवाल्यांनी नेल्या. तुझी काही चूक नाही." तेव्हा मला ते बोलणं अगदी खरं वाटलं होतं.

आता ते खरं होतं का, ते जरा हिशोबाने बघू.

नवोदय विद्यालयांची कल्पना १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातली. त्याच्या आधी १९८५-८६ मध्ये दोन शाळा प्रयोग म्हणून सुरू झाल्या होत्या. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या महाराष्ट्रात अमरावतीला. हेतू स्पष्ट होता. हुशार मुलं खेड्यातही असतात, पण त्यांच्या गावात चांगली शाळा, प्रयोगशाळा, ग्रंथालय नसतं. म्हणून जिल्ह्याला एक निवासी शाळा काढायची आणि मुख्यतः खेड्यातली मुलं निवडून तिथे शिकवायची. तामिळनाडू सोडलं तर आता जवळजवळ सगळ्या देशात या शाळा आहेत. आपल्या हिंगोली जिल्ह्याची वसमतला आहे. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं सरकारचं. नववीपासून विकास निधी म्हणून थोडी रक्कम घेतात, पण मुलींना, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरातल्या मुलांना तीही माफ असते.

सहावीला एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. त्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, म्हणजे ६०. उरल्या २०. या २० शहरातल्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या असतात असं आपल्याकडे पुष्कळ जणींना वाटतं, मलाही वाटायचं. तसं नाही. त्या गुणांवर भरतात आणि खेड्यातलं मूल गुणांत वर असेल तर तिथेही येतं. शिवाय अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग यांचं आरक्षण आणि किमान एक तृतीयांश मुली, हे सगळं याच ८० मध्ये बसवायचं असतं.

आता देशाचा आकडा घ्या. साडेसहाशेच्या आसपास विद्यालयं, म्हणजे सहावीच्या जागा साधारण ५० हजार. अर्ज काही वर्षी २० लाखांच्या वर गेलेले आहेत. म्हणजे चाळीसात एक. आपल्या मुलाच्या वर्गात ४० मुलं असतील आणि सगळ्यांनी फॉर्म भरला, तर अख्ख्या वर्गातून एक. शहरातल्या मुलाला त्याहूनही अवघड. बरं, पाचवीची ही परीक्षा एकदाच देता येते. पुढच्या वर्षी परत बसू, असं नसतं.

हे सगळं मला थोरलीच्या वेळीही माहीत होतं. माहितीपत्रक मीच वाचलं होतं. तरी मी तिला "लागणारच" म्हणत राहिले. माझी खरी चूक तिथे झाली. आणि "ग्रामीणवाल्यांनी जागा नेल्या" हे तर उलटच बोलणं झालं. ती योजनाच त्यांच्यासाठी आहे. त्यांनी आपलं काही नेलं नाही.

आता भाजीवाल्या मावशींचं सांगते. त्या जवळच्या खेड्यातून रोज सकाळी टोपली घेऊन येतात. माझ्याकडे त्यांचा चहा ठरलेला. दुकानात ते बोलणं झालं त्याच आठवड्यात एक दिवस चहा पिता पिता म्हणाल्या, "ताई, तुमच्या पोरीची ती नवोदयची पुस्तकं हाईत का? नात पाचवीत जायली. गुरुजी म्हणतेत, हुशार हाय, फारम भरू. राहायचं, खायचं समदं फुकट म्हणतेत. खरं हाय का?"

मी म्हणाले, खरं आहे. पुस्तकं माळ्यावर होती, ती काढली. दुपारी जेवणं आटोपल्यावर खोडरबर घेऊन बसले, कारण थोरलीने सगळी उत्तरं पेन्सिलीने लिहून ठेवली होती. दोन दुपारी खोडण्यात गेल्या. शेवटच्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर तिच्या अक्षरात एक यादी निघाली. बादली, मग, कुलूप-किल्ली, दोन चादरी, आजीचा फोटो. होस्टेलला न्यायच्या सामानाची यादी. परीक्षेच्या आधीच करून ठेवलेली. नंबर लागणारच होता ना!

ते पान मी फाडून कपाटात ठेवलं. तेवढा वेळ माझं कशातच लक्ष लागलं नाही. आणि मग लक्षात आलं की मावशींची नात जिथे शिकते तसल्याच एखाद्या शाळेच्या हजेरीपटावर माझ्या मुलाचं नाव घालायचं आमच्या घरात चाललं आहे. साठ जागा आहेत. त्यातली एक माझ्या मुलाने कागदावर ग्रामीण होऊन घेतली, तर एकसष्टावं मूल घरी बसेल. ते कोण, हे आम्हाला कधीच कळणार नाही. कळणार नाही म्हणूनच तर हे करायला सोपं वाटतं.

नियमात याची तरतूद आहे. ग्रामीण म्हणून अर्ज करायचा तर तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं खेड्यातल्या शाळेत शिकलेलं असावं लागतं. त्यात एक दिवस जरी शहरातल्या शाळेत काढला, तरी ते मूल शहरी धरतात. इतका कडक नियम लोकांनी पळवाट काढू नये म्हणूनच केला असणार. मग पळवाट दुसरीत असतानाच शोधायची, असं चाललं आहे.

घरात सगळे एका बाजूला नव्हते. ह्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, म्हणून तेही सांगते. ते म्हणाले, "आपली हिंगोली म्हणजे काय पुणे आहे का? इथे तरी काय मोठ्या सोयी आहेत? नगरपालिकेची हद्द संपली की पलीकडचं मूल ग्रामीण आणि अलीकडचं शहरी, हा कुठला न्याय?" यात तथ्य आहे. हद्दीच्या अलीकडेही पत्र्याच्या खोलीत राहणारी मुलं आहेत आणि पलीकडेही गाडी-बंगलेवाले आहेत. हा नियम सरकारने जास्त बारकाईने करावा, असं मलाही वाटतं. पण ते मागणं उजळ माथ्याने मागावं. नियम आपल्याला गैरसोयीचा आहे म्हणून खोटा दाखला करणं ही वेगळी गोष्ट झाली. आणि आमच्या घरात तर दिवे आहेत, पुस्तकं आहेत, शिकलेली आई दुपारभर मोकळी आहे. मावशींच्या नातीला यातलं काय आहे?

दुसरं म्हणणं आलं, "सगळेच करतात." सगळे करत नाहीत. मावशी तर करूच शकत नाहीत.

तिसरं म्हणणं नणंदेचं. "त्या शाळेतून कोणी फॉर्मच भरत नसेल तर? जागा वायाच जाणार ना?" यावर मी म्हणाले, फॉर्म भरत नसतील तर आपण जाऊन भरून देऊ.

सासरे इतके दिवस काही बोलले नव्हते. त्यांची चाळीस वर्षं दुकानात गेली. ते एवढंच म्हणाले, "आपण मापात पाप करत नाही. मग हे काय आहे?" आणि मग त्यांनी मला तत्त्वार्थसूत्रातल्या अतिचारांची आठवण करून दिली. सत्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यातला एक कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणं, खोटी कागदपत्रं बनवणं. पाठशाळेत ते नाव मी घोकलं होतं. दाखला, हजेरीपट, बोनाफाइड यांच्याशी त्याचा संबंध असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. मला वाटायचं, ते जुन्या काळच्या सावकारांच्या वह्यांबद्दल आहे.

पण व्रताची गोष्ट बाजूला ठेवली तरी एक आईची गोष्ट उरते, आणि माझ्यासाठी तीच सगळ्यात मोठी ठरली. समजा, केलं असं. मग त्या मुलाला काय शिकवावं लागेल? कोणी विचारलं, कुठल्या शाळेत आहेस, तर हे नाव सांग. सर कोण, तर हे नाव. शाळेला किती खोल्या, वर्गात कोण कोण, ते पाठ कर. सात-आठ वर्षांच्या मुलाकडून आई हे घोकून घेणार. आणि नंबर लागला तर पुढे सात वर्षं, बारावीपर्यंत, खरोखर खेड्यातून आलेल्या मुलांच्या शेजारी झोपताना त्याने हे सांभाळायचं. सापडलं तर प्रवेश जाईल ही भीती आहेच. पण नाही सापडलं तर काय होईल, याची मला जास्त भीती वाटली.

एक सरळ मार्ग होता, तोही आम्ही बोललो. दिरांचं शेत आहे त्या गावातल्या शाळेत मुलाला खरोखरच घालायचं. रोज डबा घेऊन जायचं, तिथल्याच वर्गात बसायचं. यात काही खोटं नाही आणि कोणी असं करत असेल तर मी नाव ठेवणार नाही. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत गुरुजी जीव तोडून शिकवतात. पण नुसतं एका परीक्षेसाठी तीन वर्षं लहान मुलाला रोज जा-ये करायला लावायची, तेही चाळीसात एक अशा भरवशावर, हे आम्हाला पटलं नाही. तो इथेच राहील आणि पाचवीत शहरी म्हणूनच बसेल.

आता आपल्या घरातला खास प्रश्न, जेवणाचा. थोरलीच्या वेळी सासूबाईंचा विरोध याच कारणाने होता. दिवस मावळायच्या आत जेवण नाही, कांदा-बटाटा टळणार नाही, पाणी गाळलेलं कोण देणार? मी तेव्हा "आधी नंबर तर लागू द्या, मग बघू" म्हणून विषय टाळला. तेही चुकलंच. चार-पाचशे मुलांचा एक स्वयंपाक असतो, तो माझ्या एकटीच्या मुलीसाठी बदलणार नाही आणि बदलावा असं म्हणणंही बरं नाही. म्हणून हे फॉर्म भरायच्या आधी ठरवायचं. मूल स्वतःच्या मनाने काय पाळू शकेल, ते त्याच्याशी बोलून घ्यायचं. ताटातलं जे खायचं नाही ते बाजूला ठेवणं, पर्वाच्या दिवशी जमेल तो नियम घेणं, एवढं अकरा वर्षांचं मूल करू शकतं. बाकी सुट्टीत घरी आल्यावर. आणि आपल्याला हे मान्यच नसेल तर फॉर्म भरू नये. नंबर लागल्यावर नको म्हणायचं आणि दुसऱ्या एखाद्या मुलाला प्रतीक्षायादीत ताटकळत ठेवायचं, हे योग्य नाही.

तयारीचं विचाराल तर थोरलीच्या अनुभवावरून सांगते. परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण. निम्मे प्रश्न, म्हणजे ४०, बुद्धिमत्ता चाचणीचे. वीस गणिताचे आणि वीस भाषेचे. एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट. थोरलीला उत्तरं येत होती, वेळ पुरला नाही. म्हणून सुरुवातीपासून समोर घड्याळ ठेवावं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोल रिकामा सोडू नये. पण भरलेला गोल बदलता येत नाही, म्हणून पेनाने गोल भरायचा सराव घरीच करून घ्यावा. भाषेत उतारे असतात. त्यासाठी वेगळं पुस्तक लागत नाही, रोज पेपरातली एक बातमी वाचून त्यावर पाच प्रश्न विचारले तरी पुरे. गणिताला अपूर्णांक, टक्केवारी, नफा-तोटा, ल.सा.वि.-म.सा.वि. पक्के हवेत. दुकानाचं बिल मुलाला करायला द्या. आणि "शंभर टक्के निवड" अशी पाटी लावणाऱ्या क्लासच्या नादी लागू नका. चाळीसात एकाचा हिशोब कोणताही क्लास बदलू शकत नाही.

पण हा अभ्यास वाया जात नाही, हेही खरं. थोरलीला पुढे शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्तेच्या भागाला तोच उपयोगी पडला. नंबर लागला नाही तरी मुलाला विचार करायची सवय लागते. फक्त त्याला आधीच सांगून ठेवायचं की बाळा, जागा थोड्या आहेत, मुलं पुष्कळ आहेत, तू मनापासून कर, नाही झालं तर आपली शाळा आहेच.

धाकट्याला मी हे आत्तापासून सांगणार आहे. थोरली जूनमध्ये आठवीत जाईल. नववीत रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी नवोदयची वेगळी परीक्षा असते. इंग्रजी, हिंदी, गणित आणि विज्ञान. जागा आणखीच कमी. या वेळी मी तिला सगळा हिशोब मांडून दाखवला आणि विचारलं, भरायचा का फॉर्म? ती म्हणाली, "भरू. पण तू रोज रोज काही म्हणू नकोस." मी कबूल केलं.

दुकानातल्या त्या गृहस्थांना ह्यांनी चहा पाजून नाही सांगितलं. ते रागावले नाहीत, हसले. "शेठ, मागून म्हणू नका," एवढंच म्हणाले. धाकट्याचा नंबर नाही लागला तर कदाचित मनात येईलही. मी काही साध्वी नाही.

मावशींची नात गेल्या रविवारपासून आमच्या ओट्यावर येते. आजीबरोबर सकाळी येते, दुपारी परत जाते. थोरली तिला आकृत्या शिकवते. पोरगी चलाख आहे, पण घाई करते. तिचाही नंबर लागेल असं मी तिला सांगितलेलं नाही.

पावसाळ्यात फॉर्म निघतात, हिवाळ्यात परीक्षा होते. फॉर्म भरायला पैसे लागत नाहीत, पण मोबाइल आणि भरून देणारं माणूस लागतं. तुमच्याकडे येणाऱ्या कामवाल्या बाईंचं, दूधवाल्याचं, शेतावरच्या गड्याचं मूल पाचवीत असेल तर या वर्षी त्यांना आठवणीने सांगा. दाखला, फोटो, सही घेऊन बसा आणि तो एक फॉर्म भरून द्या. अर्धा तास लागतो.

जय जिनेंद्र.